दिवसाला एकच प्रश्न

सोमवार, ४ मार्च

पुन्हा तेच! "मनाचं असेल." हे तिसरे डॉक्टर.

सकाळची पहिली वेळ घेतली होती. खारू घट्ट वेणी घालून शहाण्यासारखी बसली. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत दिवा मारला, टाचांवर चालायला लावलं. चालली. बोटांवर? चालली! वर स्वतःहून एक गिरकी घेतली. मला तिथल्या तिथे तिला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. गेले कित्येक दिवस संध्याकाळ झाली की हिचे पाय जिन्यावर दगा देतात, पापण्या खाली येतात, घास घशात अडकतो — आणि डॉक्टरांसमोर ही टुणटुणीत.

मी सांगितलं, संध्याकाळी होतं. ते म्हणाले, संध्याकाळी सगळीच मुलं दमतात. मग मला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात विचारलं, शाळेत काही त्रास? घरात काही? म्हणजे मुलगी नाटकी आहे किंवा आई वेडी आहे, दोन्हींतलं एक निवडा.

खारू हे नाव तिने स्वतः कमावलंय. नीट चालता येण्याआधी खिडकीच्या गजांवर चढायची. आता अकरा वर्षांची आहे आणि एक मजला चढताना दोनदा बसते.

नवरा म्हणतो, संध्याकाळची वेळ घे ना, मी नेतो. माझी दुपारपाळी, जेवून निघते ती रात्रीच परतते. त्याला एकट्याला पाठवू? डॉक्टरांसमोर हा माणूस दोन वाक्यं बोलणार, त्यातलं एक "बरं" असणार. नको. मी असल्याशिवाय नाही.

मंगळवार, ५ मार्च

खारू सकाळपासून मागे लागली होती. मला काय झालंय? मला शाळेतून काढणार का? पापणी दमते म्हणजे ती असं काय काम करते? मी पोळपाट आपटला. म्हटलं, आजपासून आजाराबद्दल दिवसाला एकच प्रश्न. एक! नीट विचार करून विचारायचा.

तिने बोटांवर हिशेब केला. "उद्याचा आज उसना घेऊ का?"

नवरा हसला. मीही हसले. पण नियम कायम. माझ्याकडे उत्तरच नसेल तर मी रोज किती वेळा "माहीत नाही" म्हणायचं? त्या दोन शब्दांनी माझं तोंड कडू होतं.

गुरुवार, ७ मार्च

आज एक गोष्ट केली. कोणाला सांगितलेली नाही. इथे लिहिते.

आमच्या विषबाधा मदत केंद्रावर लोक घाबरून फोन करतात. पोराने फरशी पुसायचं औषध प्यायलं, आजोबांनी गोळी दोनदा घेतली, कुत्र्याने काहीतरी खाल्लं. आम्ही पदार्थाचं नाव विचारतो, त्यात विष कुठलं ते शोधतो, काय करायचं ते सांगतो. झाडपाल्याची नावं हीच मोठी पंचाईत. एकाच झाडाला चार गावांत चार नावं. त्यासाठी आम्ही ज्ञानकोठारात विचारतो. जगभरच्या लोकांनी मिळून भरलेलं कोठार. झाडं, माणसं, गावं, नद्या, रोग, काय वाटेल ते. सगळ्यांना खुलं, फुकट. आमच्या संगणकवाल्याने त्यासाठी एक खिडकी करून दिली आहे — गावठी नाव टाका, शास्त्रीय नाव आणि विष समोर.

या संगणकवाल्याला सगळे मांत्रिक म्हणतात. संगणक बंद पडला की समोर बसून पुटपुटतो आणि तो चालू होतो. गेल्या वर्षी त्याने आम्हाला कोठाराला थेट प्रश्न कसे विचारायचे ते शिकवलं. सगळे जांभया देत होते, मी एकटी शिकले. मर्यादाही सांगितल्या होत्या. कोठार सगळ्यांचं, म्हणून एकाने फार विचारायचं नाही. फार झालं की कोठार म्हणतं "थांबा". थांबायचं. तरी बरेच दिवस विचारत राहिलं तर पूर्ण दिवस दार बंद! "विचारा, उत्तर वाचा, मग पुढचं विचारा," असं त्याने तीनदा सांगितलं. माझ्या मनात आलं, असं विचारत बसलो तर म्हातारपण येईल.

तर — कोठारात रोगही आहेत. प्रत्येक रोगापुढे त्याची लक्षणं. माझ्याकडे लक्षणं आहेत! पापण्या उतरणं. पाय गळणं. घास अडकणं. बोलणं नाकात जाणं. हात वर न राहणं. आणखी बरीच, नवऱ्याने संध्याकाळी फोनवर वेळोवेळी कळवलेली. तीन-तीन लक्षणांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला विचारायचं, कुठले रोग? शेवटी जो रोग सर्वांत जास्त वेळा येईल, तो! केंद्रातल्या माझ्या संगणकाने हे आपोआप विचारत जावं असं लिखाण मीच केलं. सगळी उत्तरं आली की मगच मला दाखव, असंही लिहिलं. अर्धवट उत्तरं वाचून जीव खालीवर करून घ्यायचा नाही. मध्येच अडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.

पहिले प्रश्न सुटले. उत्तरपत्रिका लिहून दिल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च

संपलं नाही अजून. मध्येच अडतंय, पहिल्यापासून सुरू होतंय. चालू ठेवून फोन घेतले. दिवसभर साधेच फोन. एका बाईने नवऱ्याच्या चहात चुकून धुण्याचा सोडा टाकला होता. चुकून म्हणाली. मी काही विचारलं नाही.

खारूचा आजचा प्रश्न: "आई, सकाळची मी खरी की संध्याकाळची?"

शनिवार, ९ मार्च

सुट्टी. दुपारी झोपून उठली तेव्हा खारू अंगणात दोरीवरून उड्या मारत होती. शेजारीण म्हणाली, अगं हिला तर काहीच झालेलं नाही! मी हसून घरात आले आणि न्हाणीघराचं दार लावून रडले. हिला काही झालेलं नाही असं कोणी म्हटलं की मला राग का येतो? आईला आनंद व्हायला हवा. मला हवंय ते नाव. नाव नसलेल्या दुखण्याशी भांडायचं कसं?

सोमवार, ११ मार्च

संगणक शनिवार-रविवार चालू ठेवून आले होते. आज बघितलं — अजून पहिल्यापासून सुरूच! कोठार "थांबा" म्हणतं आणि माझं लिखाण थांबायच्या ऐवजी पुन्हा पहिला प्रश्न विचारतं. मला दिसलं ते. थांबण्याचं दोन ओळींचं काम होतं. पण मग संपायला किती दिवस लागतील? म्हटलं, चालू दे, कधीतरी एका दमात पार पडेल. आई म्हणायची, तुझं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. म्हणू दे.

मांत्रिक दोनदा येऊन विचारून गेला, ताई, तुमची खिडकी हळू चालतेय का? मी म्हटलं, नाही बुवा.

खोटं नव्हतं. बघितलंच नव्हतं.

मंगळवार, १२ मार्च

खारूला पाणी पिताना ठसका लागला, नाकातून बाहेर आलं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या फोनवर कोणाला तरी सांगत होते, शांत राहा, लेकराला कुशीवर झोपवा. स्वतःच्या लेकराला कोणी झोपवायचं?

बुधवार, १३ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

चार वाजून गेले असतील. एका आजोबांचा फोन. नातू चार वर्षांचा, अंगणातल्या झुडपाच्या बिया खाल्ल्यात, उलट्या करतोय, डोळे विचित्र झालेत. मी विचारलं, कुठलं झुडूप? "आमच्याकडे बहिरी म्हणतात, बाई." मी म्हटलं, आधी गाडी बघा, रुग्णालयात निघा, फोन चालू ठेवा, फांदी बरोबर घ्या. ते मी बरोबरच सांगितलं. मग खिडकीत लिहिलं: बहिरी.

कोठार म्हणालं, थांबा.

पुन्हा लिहिलं. या पत्त्यावरून फार विचारणा झाली आहे, उद्या या.

त्या क्षणी मला समजलं. केंद्रातले सगळे संगणक बाहेर जातात ते एकाच पत्त्याने. कोठाराला मी वेगळी आणि शेजारची वेगळी दिसत नाही. सगळ्यांचा वाटा एकच, आणि तो माझ्या टेबलाखालून दिवसरात्र गळत होता. मी लिखाण बंद केलं. पुसूनच टाकलं, आलेल्या उत्तरांसकट. दार उघडलं नाही. दिवसभर म्हणजे दिवसभर!

झाडांचं जाड पुस्तक काढलं. त्यात शास्त्रीय नावं. बहिरी कुठे शोधू? रुग्णालयातून फोन यायला लागले, कुठली बी आहे, नेमका उतारा कुठला देऊ? फांदी आणायची राहिली होती. घाबरल्यावर कोण फांदी घेतो! डॉक्टरबाई — आमच्या केंद्रप्रमुख — स्वतः उठून आल्या. ओळखीच्या एका वनस्पतीवाल्यांना फोन लावला, ते वर्गावर होते. त्यांना वर्गातून बाहेर काढून नाव मिळेपर्यंत बराच उशीर झाला. उतारा आहे. पण तो लवकर द्यायचा असतो.

पोराला श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय.

आजोबा फोन ठेवताना म्हणाले, "ताई, तुम्ही होतात म्हणून धीर आला."

गुरुवार, १४ मार्च

बैठक. डॉक्टरबाई आरडाओरडा करत नाहीत, चष्मा काढून ठेवतात. तो त्यांचा आरडाओरडा. कोठार बंद का झालं? सगळे मांत्रिकाकडे बघायला लागले. मीसुद्धा. मीसुद्धा बघितलं त्याच्याकडे!

तो म्हणाला, "माझ्याच खिडकीत खोट असणार. एकच प्रश्न पुन्हापुन्हा जात असेल. मी शोधतो." कोठार सांभाळणाऱ्यांना त्याने लिहिलंय, आमच्या पत्त्यावरून नेमकं काय आलं ते कळवा म्हणून. उत्तराला वेळ लागतो म्हणे. तिथेही चारच माणसं, आणि जगभरचे लोक विचारणारे.

आता बोलायला हवं होतं. मी वहीत तारीख लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

पोर यंत्रावरच.

शुक्रवार, १५ मार्च

यंत्रावरच.

सोमवार, १८ मार्च

मांत्रिकाने खिडकी उसवून पुन्हा शिवली. नाहीच सापडली चूक. डबा तसाच घरी नेला. त्याला डोळ्यांखाली काळं आलंय. फोनवाल्यांतला एक जण त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, मंत्र उलटला वाटतं. लोकही काय असतात! आणि मी कोण आहे मग?

सांगितलं तर काय होईल? नोकरी जाईल. चालेल. फोनवरून काढतील. तेही चालेल. खरं कारण लिहू? कोणी म्हणेल, स्वतःच्या पोरीसाठी दुसऱ्याचं पोर घालवलंस. तिच्यासाठी मी पुन्हाही केलं असतं का? हा एक प्रश्न मी स्वतःला दिवसाला एकदासुद्धा विचारू शकत नाही.

खारूने आज काही विचारलं नाही. "साठवतेय," म्हणाली.

मंगळवार, १९ मार्च

पोराला यंत्रावरून काढलं! स्वतः श्वास घेतोय. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना सांगितलं. मी उठले आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तीन पेले पाणी प्यायले. पण एक हात नीट उचलत नाही म्हणे त्याचा. बघू म्हणतात.

गुरुवार, २१ मार्च

आजोबांचा फोन. मुद्दाम मलाच मागितलं. नातवाने काल "आजा" अशी हाक मारली. हात अजून तसाच, पण बोटं हलतात. घरातले सगळे माझी आठवण काढतात म्हणे. त्या मुलाच्या आईला माझ्याशी बोलायचं होतं. तिने फोन घेतला आणि नुसती रडत होती. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला मुलं आहेत का?"

आहे म्हटलं. एक मुलगी आहे.

"तिला काही कमी पडणार नाही," ती म्हणाली.

मी फोन खाली ठेवला तो नीट ठेवलाच गेला नाही, दोरीला लोंबकळत राहिला. उचलला, जागेवर ठेवला आणि सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. दार न वाजवता. मांत्रिक तिथेच होता, कसलेतरी कागद दाखवत. बरंच झालं. दोघांसमोर सांगितलं.

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. सगळं क्रमाने सांगितलं, फोनवर माहिती देतात तसं. मांत्रिक खुर्चीत मागे रेलला, जणू कोणी त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवलं. मग रागाने लाल झाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी रोज घरी जाऊन बायकोला सांगत होतो की माझ्या हातून पोर जातंय." आणि निघून गेला. त्याचं एकेक अक्षर खरं होतं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, उद्यापासून तू फोनवर बसायचं नाहीस. नोकरीचं मी आज ठरवत नाही, आज मला राग आलाय. त्या मुलाच्या घरी काय आणि कसं सांगायचं ते मी ठरवेन, आणि तेव्हा तू माझ्याबरोबर येशील. मी हो म्हटलं. उठले. दारापर्यंत पोचले.

"काय विचारत होतीस कोठाराला?"

सांगितलं. पापण्या. पाय. घास. नाकातलं बोलणं. संध्याकाळ. झोपून उठली की बरी. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलला. राग गेला असं नाही, पण त्याच्या पुढे दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलं.

"अगं, तू माझ्या भिंतीपलीकडे बसतेस," त्या म्हणाल्या. "माझी सगळी हयात नसा आणि स्नायूंवरच्या विषांत गेली. मला का नाही विचारलंस?"

का नाही विचारलं? नोकरीला लागले तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की घरची दुखणी केंद्रात आणायची नाहीत, नाहीतर फोन अडून राहतील. तो नियम मी पाळला! सगळे नियम मोडले आणि नको तो एक पाळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी हसले असते.

"उद्या संध्याकाळी घेऊन ये. सकाळी नाही. आणि जिना चढवून आण, लिफ्टने नको."

शुक्रवार, २२ मार्च

नवऱ्याचं कामच लिफ्ट दुरुस्तीचं. आज बायकोने त्याला लिफ्ट असताना जिन्याने यायला लावलं. खारू तीन मजले चढली. दुसऱ्या मजल्यावर बसली, मग त्याचा हात धरून, मग त्याच्या कडेवर. अकरा वर्षांची पोर कडेवर! आत आली तेव्हा डावी पापणी निम्म्याहून खाली होती. मी तिला संध्याकाळी अशी आजवर पाहिलीच नव्हती. सुट्टीच्या दिवशी घरी असते, पण तेव्हा ती दुपारी झोपून ताजीतवानी झालेली असते. रोजच्या दिवसाची ही संध्याकाळ फक्त तिच्या बापाने पाहिली होती, आणि बोलायचं काम मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिला वर छताकडे बघत राहायला सांगितलं. दोन्ही पापण्या हळूहळू उतरत गेल्या. मग औषधांच्या फ्रीजमधून बर्फ काढला, रबरी हातमोज्यात भरला आणि गाठ मारून तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. थोडा वेळ. खारू म्हणाली, गार लागतंय. मांत्रिक दारात येऊन उभा होता, तो कधी आला ते कळलं नाही.

बर्फ काढला. पापणी वर गेली होती. पूर्ण! उजवी तशीच खाली, डावी उघडी.

मग डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं. आजाराला नाव आहे. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचतो, पण वापरला की विरत जातो. विसावा मिळाला की पुन्हा पोचतो. म्हणून सकाळी टुणटुणीत. रक्ताची तपासणी लागेल, मोठ्या रुग्णालयात दाखवावं लागेल, जन्मभर जपावं लागेल. पण औषध आहे. गोळी आहे!

"गिळताना ठसका लागत होता ना? आणखी थोडे दिवस गेले असते तर श्वासावर आलं असतं," एवढं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

नवऱ्याने विचारलं, म्हणजे मनाचं नाही? डॉक्टरांसमोरचं त्याचं सर्वांत लांब वाक्य.

सोमवार, २५ मार्च

मोठ्या रुग्णालयातही तेच म्हणाले. गोळी सुरू. खारूने साठवलेले सगळे प्रश्न एकदम काढले. मी नियम मोडीत काढला. विचार म्हटलं, हवे तेवढे. उत्तर नसेल तर माहीत नाही म्हणेन. तेही उत्तरच आहे.

मला कागदपत्रांच्या कामावर बसवलंय. फोनची घंटा वाजली की हात आपोआप पुढे जातो.

मंगळवार, २६ मार्च

डॉक्टरबाईंबरोबर त्या मुलाच्या घरी गेले. आजोबांना सांगितलं. मीच सांगितलं. ते ऐकत होते. पोर बाजूला डाव्या हाताने चेंडू फेकत होतं. उजवा अंगाशी धरलेला. अंगणातलं झुडूप मुळापासून उपटून टाकलं होतं, तिथे नुसता खड्डा.

आजोबांनी शेवटी एवढंच विचारलं, "तुमच्या मुलीला उतार पडतोय ना?"

पडतोय म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या मुलाची आई घरातून बाहेर आलीच नाही. येऊही नये. परतताना डॉक्टरबाई म्हणाल्या, हात बहुतेक सुधारेल. बहुतेक. मी तो शब्द घरापर्यंत घेऊन आले.

गुरुवार, २८ मार्च

मांत्रिक त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा माझ्याशी दोन शब्द बोलला. खिडकीसाठी वेगळा पत्ता घेतलाय म्हणाला, आता केंद्रातला कोणी काहीही करो, फोनवाल्यांचं दार बंद पडणार नाही. शिवाय झाडांच्या गावठी नावांची एक प्रत इथेच साठवून ठेवलीय. मी म्हटलं, मी क्षमा कशी मागू? तो म्हणाला, ताई, मागू नका, मला काय म्हणायचं ते सुचणार नाही. मग जाता जाता विचारलं, पापणी कशी आहे?

खारू काल संध्याकाळी जिना न बसता चढली. नवऱ्याने फोन करून कळवलं. पायऱ्या मोजल्या का म्हटलं, तर म्हणाला, नाही, मी रडत होतो.

शुक्रवार, २९ मार्च

कोठारवाल्यांचं उत्तर आलं. मांत्रिकाने कागद माझ्यापुढे ठेवला. "आपल्या पत्त्यावरून ७ तारखेला आलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तत्काळ पाठवलं होतं. त्यानंतर तोच प्रश्न शेकडो वेळा आला. बंदी लागेपर्यंत प्रत्येक वेळी तेच उत्तर पाठवलं. कृपया आलेलं उत्तर वाचून मग पुढचा प्रश्न विचारावा."

खाली ते उत्तर जोडलंय. सात नावं आहेत. तिसरं खारूच्या आजाराचं. सात तारखेलाच माझ्या संगणकात आलेलं, मी न वाचलेलं.

आजोबांचा फोन तेरा तारखेला आला होता.